डाव्या हाताचं मशीन

गेल्या महिन्यात माणगावच्या बाजारात हत्यारांच्या दुकानात गेलो होतो. घ्यायची होती दाराची कडी. पण काउंटरशेजारी लाकडात नक्षी कापायचं एक नवं मशीन मांडलेलं दिसलं. दुकानदार त्याला स्क्रोल सॉ म्हणतात. शिवणयंत्रासारखं टेबल, वर एक लोखंडी हात, आणि त्या हातापासून टेबलाच्या खालपर्यंत ताणून बसवलेलं दोऱ्याएवढं बारीक पातं. विक्रेता कुणाला तरी सांगत होता, की याचं पातं बदलणं एकदम सोपं, काही शिकावं लागत नाही. ते गिऱ्हाईक गेलं तसा मी पुढे झालो, उजवा हात पाठीमागे घेतला आणि डाव्या हाताने टेबलाखालचा स्क्रू चाचपायला लागलो.

"सर, उजव्या हाताला काय लागलंय का?" विक्रेत्याने विचारलं.

लागलं काहीच नव्हतं. मी आयुष्यात फळीचा एक तुकडासुद्धा सरळ कापलेला नाही. पण हे मशीन दिसलं की माझा उजवा हात आपोआप मागे जातो. ही सवय मला कमळाकाकीने लावली. काकीला जाऊन आता वर्ष होईल.

रेवदंड्याच्या अलीकडे एका गावात मी अकरा वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. माझी भाड्याची खोली आणि काकीचं घर यांचं अंगण एकच. पहिल्या दिवशी मी तिला 'तुम्ही' म्हणालो, तर तिने मागे वळून पाहिलं, आपल्या पाठीमागे कोण येऊन उभं राहिलंय म्हणून. दोनतीनदा असं झाल्यावर मी 'तू'वर आलो. ती मला मास्तर म्हणायची आणि अरे-तुरे करायची.

तिच्याशी बोलणं म्हणजे रोजचा गोंधळ. रस्ता सांगायची तर 'चिंचेपासून आत वल' असं सांगायची. मी अर्धा तास चिंच शोधायचो. परत येऊन विचारलं तर म्हणायची, ती तर कधीच तोडली. मला हे कसं ठाऊक नाही, याचं तिला नवल वाटायचं. विचारलेल्या गोष्टीचं उत्तर ती दोन-तीन दिवसांनी द्यायची, आणि कुठल्या गोष्टीचं ते सांगायची नाही. मी शाळेतून येत असलो की पडवीतून आवाज यायचा, "न्हाय, ती आंबट असतात." मग मी जेवेपर्यंत विचार करत बसायचो, काय आंबट असतं आणि मी ते कधी विचारलं होतं.

तिच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं. "मना कलत न्हाय." म्हणजे, मला कळत नाही. सुरुवातीला मला वाटलं, बाई भोळी आहे. मग शाळेच्या कुंपणाची भिंत बांधत होते तेव्हाची गोष्ट. गवंडी, ठेकेदार, आमचे मुख्याध्यापक, सगळे उभे होते. काकी मासळीची पाटी घेऊन चालली होती. थांबली, म्हणाली, "मना कलत न्हाय, पन ही भित रस्त्याकडं का बगते?" कुणी लक्ष दिलं नाही. गवंड्याने नंतर ओळंबा सोडला तेव्हा भिंत चार बोटं रस्त्याकडे कललेली निघाली. तेव्हापासून काकीने 'मना कलत न्हाय' म्हटलं की मी सावध व्हायचो.

तिचा नवरा नामाकाका सुतार. घरं, दरवाजे तो कमी करायचा. त्याचं खरं काम होड्यांच्या पाट्यांचं. सागाच्या पातळ फळीतून तो होडीचं नाव अख्खं कापून काढायचा आणि रंगवलेल्या दुसऱ्या फळीवर बसवायचा. अक्षरं सुटी नाहीत, वरच्या रेघेला सगळी लटकलेली. इंग्रजी यू अक्षरासारखी एक लोखंडी कमान होती त्याच्याकडे. तिच्यात बारीक पातं ताणायचं आणि हाताने कापत जायचं. बंदरात नांगरलेल्या होड्यांतली त्याची पाटी लांबूनही ओळखू यायची. वेलांटीला त्याचं एक वेगळंच वळण असायचं.

मी तिथे असतानाच काकाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण एकेक शब्द बोलायचा. तेव्हापासून तो आतल्या खोलीत खाटेवरच होता, दोन वर्षं झाली होती. कमान भिंतीला अडकवलेली राहिली.

अशात एके दिवशी काकी माझ्याकडे आली आणि म्हणाली, मला नक्षी कापायचं मशीन घ्यायचंय. विजेवर चालणारं. बाजारात कुणाकडे असेल तर बघून ये, तू इंग्रजी शिकवतोस, तुला कळेल. इंग्रजीचा आणि मशीनचा संबंध काय, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, आता घर हिच्यावर आहे, काहीतरी हातकाम सुरू करायचं मनात असेल. मी मोबाइलवर शोधाशोध केली. परदेशातली माणसं दोन-दोन, तीन-तीन मशिनं शेजारी ठेवून कुठलं चालवायला सोपं, कुठल्याचं पातं लवकर बदलतं, ते दाखवत होती. मी तिला ते व्हिडिओ दाखवले. तिने आवाज बंद करायला लावला. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ती बघतच नव्हती.

"याचा डावा हात काय करतोय ते दाखव," ती म्हणाली.

मी व्हिडिओ मागे-पुढे केला. डावा हात वरचा लोखंडी दांडा धरून होता. तिने मान हलवली आणि दुसरा लावायला सांगितला. असे आठ-दहा व्हिडिओ आम्ही पाहिले. ती काय शोधतेय ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

पातं बदलण्यावर तिचा एवढा भर का, ते मात्र तिने मला नीट समजावलं. जमिनीवर खडूने तिने 'वसुमती' असं नाव काढलं. काढलं म्हणजे चित्र काढतात तसं. तिला वाचता येत नव्हतं. मग एकेका अक्षराच्या पोटात बोट ठेवलं. व-ला पोट, स-ला पोट, म-ला पोट. बाहेरची कड एका दमात कापता येते, पण पोट कापायचं तर आधी तिथे बारीक भोक पाडायचं, पातं सोडवायचं, त्या भोकातून ओवायचं, परत वर-खाली आवळायचं. पोट कापून झालं की पुन्हा सोडवायचं. एका नावाला चार-पाच वेळा पातं निघतं आणि बसतं. वरच्या रेघेमुळे आपल्या अक्षरांना पोटं जास्त. इतकी वर्षं भाषा शिकवून हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पहिलं मशीन बघायला आम्ही माणगावला गेलो. माझ्या गावचा एक फर्निचरवाला ओळखीचा होता. त्याच्याकडे जुनं, अवजड मशीन होतं. काकीने पिशवीतून घरून आणलेला फळीचा तुकडा काढला, त्याला बारीक भोक आधीच पाडलेलं होतं. मग तिने उजवा हात कमरेला खोचलेल्या पदरात घातला आणि डाव्या हाताने पातं काढलं. त्या पात्याच्या दोन्ही टोकांना आडव्या बारीक खिळ्या होत्या. वर अडकवायचं, खाली अडकवायचं, झालं. स्क्रू नाही, पाना नाही. एका हाताने पाच-सहा वेळा तिने ते काढलं नि घातलं. फर्निचरवाला खूश झाला. मीही मनात म्हटलं, चला, एका फेरीत काम झालं.

मग तिने तेच पातं आपल्या फळीच्या भोकातून ओवायला घेतलं. खिळी भोकाला अडकली. भोक मोठं करा, फर्निचरवाला म्हणाला. काकी म्हणाली, भोकच पोटाएवढं झालं तर कापू काय? आम्ही परत निघालो. वाटेत ती त्या मशीनला 'मामंजी' म्हणू लागली. स्वभावाने साधे, पण बारीक गोष्ट त्यांच्यातून जात नाही.

दुसऱ्या खेपेला मुंबईच्या बाजारात जायचं ठरलं. मांडव्याहून बोटीने गेलो. काकी आयुष्यभर समुद्राच्या कडेला राहिलेली, पण त्या बोटीत ती खुर्चीवर बसायला तयार होईना. उभी राहिली पूर्ण वेळ. उतरल्यावर तिला उलटी दिशाच बरोबर वाटत होती, आणि मीही दोनदा चुकलो, त्यामुळे दुकान सापडेपर्यंत दुपार झाली.

दुकानात दोन मशिनं होती. विक्रेता हुशार होता, त्याने दोन्ही सुरू करून टेबलावर नाणं उभं करून दाखवलं. एकावर नाणं उभं राहिलं, दुसऱ्यावर पडलं. जे हादरत नाही ते चांगलं, असं त्याचं म्हणणं. काकीने नाणं उचलून त्याला परत दिलं आणि मशीन बंद करायला सांगितलं. पुन्हा उजवा हात पदरात गेला. न हादरणाऱ्या मशीनचा खालचा स्क्रू टेबलाच्या पोटात होता. तो फिरवायला वाकडा पाना लागायचा, आणि पाना घालायची फट उजव्या अंगाला. डावा हात तिथपर्यंत पोचेचना. काकी सरळ दुकानाच्या फरशीवर बसली, मान वाकडी करून खालून बघत राहिली. गिऱ्हाइकं वळसा घालून जायला लागली. दुसऱ्याचे स्क्रू बोटांनी फिरणारे होते, बिनखिळीचं पातं घेत होतं, सगळं ठीक. पण वरचा दांडा उचलला की आपला आपण खाली पडायचा. एका हाताने तो उचलून धरायचा आणि दुसऱ्याने पातं ओवायचं, अशी रीत.

"मॅडम, दोन्ही हात वापरा ना," विक्रेता म्हणाला.

"मना कलत न्हाय," काकी म्हणाली, "दांडा धरायला मानूस ठेवायचा, तर मशीन कशाला?"

विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. तिचा उजवा खांदा दुखत असणार, असा माझा समज झाला होता. विहिरीवरून पाणी आणते, वय झालंय. परतीच्या बोटीवर चढायच्या आधी मी एका औषधाच्या दुकानातून मलमाची ट्यूब घेतली आणि तिला दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि कनवटीला लावली. तीन दिवसांनी अंगणात मला म्हणाली, "खांदा बरा हाय माजा." बस, एवढंच. मी आणखी गोंधळलो. खांदा बरा आहे, तर मग हात कशासाठी बांधून ठेवते?

तिसरं मशीन नागावला एका बंगल्यात सापडलं. मुंबईचे एक डॉक्टर निवृत्त होऊन तिथे राहायला आले होते. नातवंडांसाठी लाकडी खेळणी करावीत म्हणून त्यांनी मशीन घेतलं होतं. नातवंडं मोठी झाली आणि मशीन व्हरांड्यात पडून होतं. आमच्या शाळेच्या शिपायाकडून मला हे कळलं. डॉक्टर उत्साही गृहस्थ. त्यांनी इंग्रजी माहितीपुस्तक माझ्या हातात दिलं. मी मोठ्याने वाचून मराठीत सांगायला लागलो. पातं बसवल्यावर योग्य तो ताण द्यावा, असं मी वाचलं. काकीने विचारलं, "कोनाला?" मी पुस्तक मिटलं.

या मशीनचा वरचा दांडा उचलला की वरच राहत होता. ताण द्यायची खुंटी अगदी समोर, अंगठ्याने दाबता येईल अशी. खालची चिमटी सोडवायची कळ डाव्या अंगाला होती. काकीने उजवा हात पदरात घातला. पातं काढलं. ते आपल्या पदराच्या काठावरून ओढून पाहिलं. धागा अडकला तर दाते त्या बाजूला. तिची ती नेहमीची परीक्षा. दाते खाली येतील असं धरून भोकातून ओवलं, खाली अडकवलं, वर अडकवलं, खुंटी दाबली. मग पुन्हा काढलं. मग डोळे मिटून केलं. मग खुर्ची मागून घेतली. आपण होऊन ती खुर्चीवर बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. बसून केलं. मग खुर्चीत उजवीकडे कलून, अंग सैल सोडून केलं.

डॉक्टर इतका वेळ तिचा हात बघत होते. ते म्हणाले, "उजवी बाजू कोणाची गेलीये?"

काकीने हात थांबवला. "आमच्या घरातल्यांची," ती म्हणाली.

मी तिथे, हातात इंग्रजी पुस्तक घेऊन, उभा होतो. नामाकाकाची खाट माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर. त्याला उठवून बसवायला मी कितीदा तरी हात लावलेला. आणि दोन महिने या बाईबरोबर हिंडून माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. एका परक्या माणसाला पाऊण तासात कळलं. गाडीत बसल्यावर मी तिला म्हणालो, काकी, मला आधी सांगायचंस ना. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तू घरी यांच्याजवळ बोलला असतास. ते खरं होतं. मी बोललो असतो.

मशीन तिने लगेच आणलं नाही. डॉक्टरांकडून परवानगी घेतली आणि दीड महिना, आठवड्यातून दोनदा, ती बंगल्यावर जाऊन डाव्या हाताने कापायला शिकली. तिचं म्हणणं, मला यांना शिकवता आलं पाहिजे, नाहीतर हे चिडतील. डॉक्टरांनी शेवटी मशीन दिलं. त्यांचं आपसात काय ठरलं ते दोघांनीही मला सांगितलं नाही. टेम्पोतून मशीन आलं, पडवीत उतरवलं. काकीने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि आत जाऊन काकाला म्हणाली, बाहेर चला, एक वस्तू बघायचीय.

आम्ही दोघांनी धरून त्याला दारापर्यंत आणलं. त्याने मशीन पाहिलं. खुंटी, कळ, दांडा, सगळं नजरेने फिरून पाहिलं. इतकी वर्षं काम केलेला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही. हे डाव्या हातासाठी निवडलेलं आहे हे त्याला पाहताक्षणी कळलं असावं. तो म्हणाला, "खेलनं आनलंस?" आणि मान भिंतीकडे वळवली. आम्ही त्याला परत खाटेवर नेलं.

काकीने मशीनवर एक जुनी गोधडी टाकली. त्या दिवशी तिने भाकऱ्या केल्या, भांडी घासली, सगळं रोजच्यासारखं. पण दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं कमी केलं, जणू मीच काहीतरी बिघडवलं होतं. कदाचित बिघडवलंही असेल. मला कळेना, मी मधे पडावं की नाही. शेवटी एका रविवारी काकी बाजारात गेलेली पाहून मी काकाजवळ जाऊन बसलो आणि त्याला सरळ विचारलं, बघायला काय हरकत होती?

त्याने डाव्या हाताने उजवा हात छातीवर घेतला. मग एकेक शब्द जुळवत म्हणाला, "वाकडं अक्षर. माजं म्हनून. समिंदरात फिरेल."

हे मी काकीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि कोळंबी सोलत राहिली. मला वाटलं, प्रकरण इथेच मिटलं. मशीन डॉक्टरांकडे परत जाणार.

नारळी पौर्णिमेच्या आधी बाळा नाखवा आला. त्याची नवी होडी तयार होत होती. पाटीसाठी त्याने काकाकडे सागाची फळी दिली होती, ती काकाच्या झटक्याच्या आधी. काकाने तिच्यावर कागद चिकटवून नावही आखून ठेवलं होतं, 'वसुमती'. नाखव्याच्या आईचं नाव. मधल्या काळात होडीचंच काम रखडल्यामुळे फळी माळ्यावर राहिली होती. नाखवा भला माणूस. तो अंगणात उभा राहून हळू आवाजात म्हणाला, काकांना बरं नाही हे ठाऊक आहे, म्हणून फळी परत न्यायला आलोय, अलिबागला एक जण मशीनवर करून देतो.

घर लहान. आत सगळं ऐकू जात होतं. आतून काही आवाज आला नाही. काकीने थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, "आठ दिसांनी ये."

नाखव्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माळ्यावरून फळी काढली, गोधडी बाजूला केली आणि मशीन लावलं. माझी शाळा दुपारची होती. मी अंगणात खुर्ची टाकून पेपर तपासत होतो. आता हात बांधून ठेवायचं कारण नव्हतं, म्हणून तिने उजव्या हाताने सुरुवात केली. पहिलं पातं तुटलं. दुसरं तुटलं. रेघ सुटून बाहेर गेली असती, थोडक्यात वाचली. उजव्याला काहीच येत नव्हतं. शिकलेला होता तो डावा. तिने दोन्ही हातांकडे पाहिलं, हसली, आणि डावा पुढे केला.

'व'ची बाहेरची कड अर्धी झाली असेल, तेवढ्यात आतून खाटेवर हात आपटल्याचा आवाज आला. काकीने मशीन बंद केलं आणि पाणी घेऊन आत गेली. बाहेर आली, मशीन सुरू केलं. पुन्हा आपटला. ती आत जाऊन खिडकी उघडून आली. पुन्हा आपटला. तिने आत जाऊन त्याचं अंथरूण झटकलं, उशी सारखी केली. चौथ्या वेळी ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मना कलत न्हाय, काय पायजे तुमाला?"

"ढिलं," आतून काका म्हणाला.

ती परत आली. पात्याला बोट लावून पाहिलं. खुंटी आणखी जरा दाबली. मशीनचा आवाज बदलला, माझ्यासारख्यालाही कळला, जरा बारीक झाला. आतून पुन्हा काही आपटलं नाही.

ते आठ दिवस असेच गेले. ती पडवीत कापायची आणि तो आत भिंतीकडे तोंड करून पडलेला. पातं सैल झालं, बोथट झालं, ती घाई करायला लागली, की खाटेवर हात पडायचा. काय चुकलं ते तिने शोधायचं. कधी तिला सापडायचं, कधी नाही, मग ती दारात जाऊन उभी राहायची आणि एक शब्द घेऊन परत यायची. 'बोथट.' 'दमानं.' एकदा नुसतंच 'भूक.' त्या वेळी ती पात्याकडे बराच वेळ बघत राहिली होती. एकमेकांशी त्यांनी मशीनविषयी दुसरं काही बोललेलं माझ्या कानावर आलं नाही. 'म'चं पोट कापताना एका ठिकाणी कड किंचित दबली. ती तिने घासली नाही, तशीच ठेवली. का, ते मी विचारलं आणि उत्तराची वाट पाहायचं सोडून दिलं.

नाखवा ठरल्या दिवशी आला. पाटी उचलून त्याने उजेडात धरली. शेवटच्या वेलांटीवरून बोट फिरवलं आणि त्याचे डोळे भरून आले. आईचं नाव होतं, त्यामुळेही असेल.

"काकांनी केली?" त्याने विचारलं.

काकी पाटीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता तरी ही सरळ काही सांगेल. तिने एकदा आतल्या दाराकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हातांकडे. "मना न्हाय कलत," ती म्हणाली. नाखव्याने आणखी विचारलं नाही. मी मात्र आजही विचार करतो. आखणी काकाची, हात हिचा, कान त्याचा. डाव्या हाताला शिकवलं त्याच्यासाठी आणि कामाला आला हिच्याच.

त्यानंतर बंदरातून आणखी कामं आली. मशीन पडवीत कायमचं राहिलं. दोन वर्षांनी मी निवृत्त झालो आणि माणगावला घरी जायचं ठरलं. सामान आधीच पाठवलं होतं. जायच्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन मी काकीकडे निरोप घ्यायला गेलो.

काकाला तिने पडवीत खुर्चीवर आणून बसवलं होतं. झटक्यानंतर तो बाहेर बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. मशीनकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून तो बसला होता. त्याच्या मागे काकी कापत होती. मला बघून तिने हनुवटीने बस म्हटलं, पण मशीन बंद केलं नाही. एका अक्षराचं पोट अर्धं झालेलं होतं. मी काकाला नमस्कार केला. त्याने डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि काढून घेतला. मी उभा राहिलो. ते पोट सुटून खाली पडलं, तिने पातं काढून पुढच्या भोकात ओवलं आणि पुन्हा सुरू केलं. मला वाटलं, हे झालं की थांबेल. रेवदंड्याहून माझी गाडी होती, रिक्षा कोपऱ्यावर उभी होती. तिलाही ते ठाऊक होतं. मी मोठ्याने म्हणालो, काकी, येतो. तिने मान हलवली. नजर रेघेवरच होती.

मी अंगण ओलांडून गल्लीत आलो. कोपऱ्याशी पोचलो, तेवढ्यात मागे मशीनचा आवाज थांबला. मी थांबलो. पिशवी खाली ठेवली आणि वळून उभा राहिलो. ती आता फाटकाशी येईल, तीन दिवसांपूर्वीच्या कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर देईल, असं मला वाटलं. फाटकाशी कुणी आलं नाही. थोड्या वेळाने मशीन परत सुरू झालं. ती पातं बदलत होती.